खोडव्यावर दरवर्षी केवडा : फवारलं की जातो, महिन्यात परत येतो

ऊस तुटून गेला, पाचट आवरलं, खोडव्याला (तुटलेल्या उसाच्या बुडख्यातून फुटणाऱ्या पुढच्या पिकाला) दुसरं-तिसरं पाणी झालं, फुटवे वीतभर आले. आणि एके सकाळी बांधावरून बघावं तर मधला पट्टा पिवळाधमक. आठ दिवसांनी तोच पट्टा पांढुरका. ज्याच्या रानात चुनखड आहे त्याला हे चित्र वेगळं सांगायला नको. आमच्या नीरा डाव्या कालव्याच्या भागात याला ‘केवडा पडला’ म्हणतात, म्हणजे उसाला लोह मिळत नाही. नाव छान आहे, बाकी काही छान नाही.

माझ्या दोन एकरांच्या तुकड्यात हा त्रास लागण (नवा ऊस), खोडवा, निडवा (खोडव्यानंतरचं पीक) असा पाठोपाठ येत गेला. पहिल्या वर्षी दुकानात मोबाइलवरचा फोटो दाखवला. ‘नत्र कमी पडलंय, युरिया वाढवा आणि हे टॉनिक मारा’ असं सांगितलं. युरिया टाकला. जो ऊस हिरवा होता तो आणखी काळाभोर झाला आणि पिवळा होता तो पिवळाच राहिला. रानानं तेव्हाच उत्तर दिलं होतं, मला ते वाचता आलं नाही. पुढच्या वर्षी हिराकस (लोहाचं खत) फवारली, पंधरा दिवसांत ऊस हिरवा झाला, मी निश्चिंत झालो. महिन्याभरात पोंग्यातून (शेंड्याच्या गुंडाळीतून) निघालेली नवी पानं पुन्हा पिवळी. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय: फवारणी कशी करायची हे तर आहेच, पण तेवढ्यावर थांबलं तर दरवर्षी फवारतच बसावं लागतं.

आधी बघा, पिवळं पान वरचं की खालचं

कुठल्याही पिकात कमतरता ओळखताना मी आता पहिला प्रश्न हाच विचारतो. घरात दूध कमी पडलं की मोठी माणसं कोरा चहा पितात आणि दूध पोराला ठेवतात. नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम यांचं तसं असतं. कमी पडलं की झाड जुन्या पानातून काढून नव्या पानाला देतं, त्यामुळे लक्षण खालच्या, जुन्या पानावर आधी दिसतं. नत्र कमी असेल तर खालचं पान शेंड्याकडून मधल्या शिरेच्या बाजूनं पिवळं होत येतं. पालाश कमी असेल तर जुन्या पानाच्या कडा करपतात. कपाशीचा लाल्या आठवा: मॅग्नेशियम कमी पडलं की खालची पानं शिरांमध्ये लाल होत जातात आणि शिरा हिरव्या राहतात. (लाल्यामागं तुडतुडे आणि थंडीच्या रात्रीही असतात, तो वेगळा विषय.)

लोहाचं उलटं आहे. ते एकदा ज्या पानात बसलं तिथून हलत नाही. खालची पानं हिरवीगार आणि कोवळं पान उपाशी, असं घर. केवड्यात म्हणूनच पोंग्याजवळची तीन-चार पानं पिवळी असतात. पान हातात धरून उजेडाकडं करा. शिरा हिरव्या आणि शिरांमधली जागा पिवळी अशा बारीक रेघा पानाच्या बुडापासून शेंड्यापर्यंत सलग दिसतात. फार वाढला की शिराही फिक्या पडतात आणि पान कागदासारखं पांढरं होतं.

रेघा पानाच्या शेंड्याकडून निघून मध्यावर थांबत असतील तर मँगेनीजचा संशय घ्या. नवीन पान रेघांशिवाय, शिरांसकट एकसारखं फिकट असेल तर गंधक.

आता तोतये. यात फसगत फार होते. ‘गवताळ वाढ’ हा रोग केवड्यासारखाच पांढरा दिसतो, पण त्यात एका बेटाला (एका जागच्या उसाच्या झुपक्याला) गवतासारखे बारीक, असंख्य फुटवे येतात आणि ते बेट रानात कुठंही एकटं असतं, शेजारचं बेट ठणठणीत. त्याला कितीही लोह पाजा, उपयोग शून्य. ते बेट मुळासकट उपटून जाळायचं आणि त्या रानातलं बेणं कुणाला द्यायचं नाही, कारण रोग बेण्यातून जातो. पुढच्या लागणीला उष्ण बाष्प हवेची प्रक्रिया केलेल्या मळ्यातलंच बेणं घ्यावं. हुमणी अळी असेल तर सगळं बेट पिवळं पडून वाळतं आणि ओढलं की सहज हातात येतं, मुळं खाल्लेली दिसतात. तणनाशक नुकतंच मारलं असेल तर मारल्याची तारीख आठवा. त्याचा चटका त्या वेळी उघड्या असलेल्या पानांवर बसतो, पुढची पानं हळूहळू सुधारत येतात. केवड्यात नेमकं नवीन येणारं पान अधिक वाईट असतं.

तरीही शंका असेल तर एक चाचणी आहे, खर्च जवळजवळ नाही. एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस विरघळवा. पाच-सहा पिवळी पानं निवडा, त्यांना सुतळी बांधून खूण करा आणि पानाच्या अर्ध्याच भागावर कापसाच्या बोळ्यानं ते पाणी लावा. सकाळी लावा, दुपारी नको. मी तर बोटानं सरळ पट्टा ओढला होता. सहाव्या दिवशी बघितलं तर पिवळ्या पानावर माझ्या बोटाच्या रुंदीचा हिरवा पट्टा उमटला होता, अगदी शेवटी बोट उचलताना निसटलेल्या थेंबासकट. जिथं लोह लागलं तिथंच हिरवं, सूतभर बाजूला नाही. आठवड्यात काहीच फरक पडला नाही तर दुखणं दुसरं आहे, हिराकसवर पैसे घालू नका.

रानात लोह कमी नाही, अडकलेलं आहे

एका एकरातल्या वरच्या वीतभर मातीचं वजन साधारण ९ लाख किलो भरतं. आपली काळी माती बेसाल्ट खडकापासून झालेली. तिच्यात लोह शेकडा चार-पाच भाग धरलं तरी एकरी ३५-४५ टन होतं. हिराकसमध्ये लोह शेकडा १९. म्हणजे एकरी १० किलो हिराकस टाकली तर आपण त्या ढिगात १ किलो ९०० ग्रॅमची भर घालतो. नुसती भर घालून काही होणार नाही, हे इथंच कळतं.

हे लोह मुळांना मिळत नाही कारण ते पाण्यात विरघळत नाही. सामू (पीएच) एकानं वाढला की मातीतल्या पाण्यातलं फेरिक (गंजाच्या रूपातलं) लोह हजारपटीनं कमी होतं. चुनखडीच्या रानाचा सामू आठच्या वर असतो. आणि चुना तिथंच बसलेला असल्यामुळे सामू खाली आणायचं म्हटलं तरी येत नाही.

आता माझ्याच रानाचं. केवडा पडायचा तो नेमका दक्षिणेकडच्या आठ गुंठ्यांत. दोन वर्षं मी पाण्यात, खतात, बेण्यात कारण शोधत होतो. आमचे आण्णा एकदा बांधावर बसून म्हणाले, ‘अरे, तिथंच तर उंचवटा होता.’ २०१९ च्या उन्हाळ्यात जेसीबी लावून आम्ही रान सपाट केलं होतं. उंचवट्यावरची काळी माती खोलगट भागात गेली आणि खालचा पांढरा चुनखडीचा थर वर आला. पिवळा पट्टा म्हणजे त्या उंचवट्याचा नकाशाच होता. ज्यांनी सपाटीकरण केलंय त्यांनी आधी ही जागा आठवून बघावी.

खात्री करायची तर मातीच्या ढेकळावर सौम्य केलेल्या आम्लाचे दोन थेंब टाका. चुना असेल तर बुडबुडे फसफसतात. संडास साफ करायचं आम्ल वापरणार असाल तर हातमोजे घाला आणि आम्ल पाण्यात ओता, पाणी आम्लात नको. माझ्या हिरव्या भागातल्या मातीवर कान जवळ नेला तर किंचित चुरचुर ऐकू आली. पिवळ्या भागातल्या ढेकळावर सोडा वॉटर उघडल्यासारखा फेस आला.

माती परीक्षणाचं सांगतो, कारण यात बरेच जण गोंधळतात. मृद आरोग्य पत्रिकेवर १२ गोष्टी असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मँगेनीज, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. मुक्त चुना त्यात नाही. तो प्रयोगशाळेत वेगळा सांगून तपासून घ्यावा लागतो. माझ्या पत्रिकेत लोह ‘पुरेसे’ होतं. डीटीपीए या प्रयोगशाळेतल्या पद्धतीत साडेचार पीपीएमच्या (दहा लाख भागांत साडेचार भागांच्या) वर असलं की पुरेसं धरतात, माझं किंचित वर होतं. मुक्त चुना मात्र शेकडा १० च्या पुढे निघाला. लोहाचा आकडा बघून गप्प बसलो असतो तर तिथंच अडकलो असतो. नमुना घेताना पिवळ्या आणि हिरव्या भागाचा वेगवेगळा घ्या, दोन्ही एकत्र केले तर सरासरी येते आणि सरासरीला काही दुखत नसतं. शिवाय सूक्ष्म अन्नद्रव्यांसाठी नमुना गंजक्या फावड्यानं किंवा पत्र्याच्या घमेल्यात घेऊ नका. लाकडी खुरपणी आणि प्लास्टिकची बादली बरी.

खोडव्यातच जास्त का?

लागणीचं रान नांगरून भुसभुशीत केलेलं असतं. खोडव्यात वर्ष-दीड वर्ष माती दबलेली, वरून तोडणीच्या वेळी ट्रॅक्टर-ट्रॉली फिरलेली, आणि जुनी मुळं काळी पडलेली. नवी पांढरी मुळं फुटायच्या आत आपण ‘खोडवा तापलाय’ म्हणून सरी तुडुंब भरतो. माती ओली आणि हवा नाही, म्हणजे वाफसा नाही. मुळांनी सोडलेला कर्बवायू बाहेर पडत नाही, तो पाण्यात विरघळून चुन्याला भिडतो आणि बायकार्बोनेट तयार होतं. ते मुळाभोवतीचा सामू वरच धरून ठेवतं आणि लोह उचलायला अडथळा करतं. बोअरचं जड पाणी असेल तर बायकार्बोनेट वरूनही येतं.

सोयाबीन जुलैच्या झडीत पिवळं पडतं आणि उघडीप मिळाली की आपोआप हिरवं होतं, त्यामागंही बऱ्याचदा हेच असतं. तिथं फवारणी करणाऱ्याला श्रेय मिळतं, काम उन्हानं केलेलं असतं.

फवारणी : आजचं पान वाचवण्यासाठी

हिराकस म्हणजे फेरस सल्फेट. घेताना पिशवी उघडून बघा. फिकट हिरवे खडे हवेत. पिवळसर-तपकिरी भुकटी झालेली असेल तर तिच्यातलं फेरस लोह हवेनं फेरिक झालंय, ती घेऊ नका.

१५ लिटरच्या पंपाला ७५ ग्रॅम हिराकस, म्हणजे अर्धा टक्का. पण आधी पाण्यात १५ ग्रॅम सायट्रिक आम्ल टाका, ते विरघळलं की मगच हिराकस. हा क्रम मी एकदा पाळला नव्हता. बोअरच्या पाण्यात थेट हिराकस टाकली, दहा मिनिटांत बादलीतलं पाणी चहासारखं झालं आणि तळाशी विटकरी गाळ बसला. म्हणजे लोह बादलीतच संपलं, पानावर गेला तो गंज. द्रावण फिकट हिरवट राहिलं पाहिजे आणि कालवल्यावर लगेच संपवलं पाहिजे, उद्यासाठी ठेवू नये. मी पंपाला १५० ग्रॅम युरिया आणि थोडं स्टिकरही (द्रावण पानाला चिकटवणारं) घालतो. १२:६१:०० सारखं स्फुरदाचं खत यात मिसळू नका, दोघं मिळून साका होतो.

सकाळी लवकर किंवा चारनंतर, पोंग्याजवळची पानं ओली होतील असं फवारा. आठ-दहा दिवसांच्या अंतरानं दोन ते तीन वेळा. एकदा फवारून ‘गुण आला नाही’ म्हणणाऱ्यानं बोटाचा पट्टा आठवावा: फवारणीनंतर जे पान जन्मलं त्याला त्यातलं काहीच मिळालेलं नसतं. पहिल्यांदा करताना पाच बेटांवर फवारून दोन दिवस चटका बसतो का बघा. कपडे जुने घाला, डाग निघत नाहीत.

दुकानात मिळणारं ग्रेड-२ सूक्ष्म अन्नद्रव्य वाईट नाही, पण त्यात लोह शेकडा अडीचच असतं. बाकीचं जस्त, मँगेनीज वगैरे. केवडा पडल्यावर ते पुरं पडत नाही. चिलेटचं (दुसऱ्या पदार्थानं धरून ठेवलेल्या लोहाचं) म्हणाल तर ईडीटीए लोह (शेकडा १२) फवारायला चांगलं, पण चुनखडीच्या जमिनीत ठिबकमधून सोडलं तर ते लोह सोडून कॅल्शियमला मिठी मारतं. अशा जमिनीतून द्यायचं तर ईडीडीएचए, ते नवाच्या सामूलाही टिकतं. त्याचं पाणी लालभडक होतं आणि किंमतही तशीच. मी ते उसाला परवडत नाही म्हणून वापरलं नाही. डाळिंब-द्राक्षवाल्यांनी विचार करावा.

परत येऊ नये म्हणून

मला सगळ्यात जास्त गुण आला तो पाण्यानं. सरी भरायची बंद केली. आता पहार घालून मातीचा गोळा करून बघतो. हातात गोळा होतो पण बोटाला चिकटत नाही, असा वाफसा आल्याशिवाय पाणी नाही. पहिला खोडवा असा ठेवला तेव्हा शेजारचे तात्या रोज विचारायचे, ‘मोटार जळली का रे?’ खालच्या अंगाला पाणी साठत होतं तिथं गुडघाभर चर काढला. चर काढलेल्या कडेचा ऊस आधी हिरवा झाला, फवारणी दोन्हीकडं सारखीच होती.

दुसरं, ऊस तुटल्यावर पंधरा दिवसांच्या आत बुडखे जमिनीलगत छाटून बगला (उसाच्या ओळीच्या दोन्ही बाजूंची माती) फोडायच्या. जुनी मुळं तुटतात, माती मोकळी होते, नवी मुळं फुटतात. आणि त्याच बगलेत लोह द्यायचं. महात्मा फुले कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी २५ किलो फेरस सल्फेटची आहे, म्हणजे एकरी १० किलो. हे मातीवर तसंच फेकू नका, चुनखडीत ते थोड्याच दिवसांत गंज होऊन बसतं. दहापट चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळायचं, ओलसर करायचं, वर गोणपाट टाकून सावलीत पाच-सहा दिवस मुरवायचं. शेणखतातली आम्लं लोहाला धरून ठेवतात, चुन्याच्या हाती लागू देत नाहीत. मग ते बगलेत, मुळाच्या कुशीत, पट्ट्यानं टाकून मातीआड करायचं. ४० टनांच्या ढिगात दोन किलोनं फरक पडतो तो असा: ते मुळाच्या तोंडाशी आणि विरघळलेल्या रूपात असतं.

नत्रातला थोडा भाग युरियाऐवजी अमोनियम सल्फेटमधून देतो. अमोनियम घेताना मूळ स्वतःभोवती आम्ल सोडतं. डीएपी मात्र माती परीक्षण बघूनच. स्फुरद जास्त झालं तर लोह आणि जस्त दोन्ही अडतात, आणि आपल्याकडं ‘सोबत एक पोतं डीएपी’ ही सवय जुनी आहे. पाचट जाळत नाही.

जिप्समचा सल्ला हमखास मिळेल. जिप्सम चोपण जमिनीला, जिथं सोडियम वाढलंय तिथं. चुनखडीत कॅल्शियम आधीच उदंड आहे, त्यात आणखी कॅल्शियम कशाला? गंधकाची भुकटी त्यामानानं बरोबर, पण तिचाही हिशेब करून बघा. चुना शेकडा १० असेल तर वीतभर मातीत एकरी ९० टन झाला. एक किलो गंधक सुमारे तीन किलो चुना मारतं. म्हणजे सगळा चुना घालवायला जवळजवळ ३० टन गंधक! रान आम्लधर्मी करून देतो म्हणणाऱ्याला हा हिशेब दाखवावा. थोडं गंधक शेणखतासोबत मुळाशी पट्ट्यानं द्यायला हरकत नाही, तेवढी जागा आंबट होते, रान नाही.

यंदाच्या खोडव्यात आठपैकी सहा गुंठे फवारणीशिवाय हिरवे आहेत. त्यात लागणीआधी हिरवळीचं खत म्हणून घातलेल्या तागाचाही वाटा असावा, सगळं श्रेय हिराकसला देणार नाही. उरलेल्या दोन गुंठ्यांत टिकाव मारला तरी पांढरी चुनखडच वर येते. तिथला ऊस काढून लसूण घास टाकलाय. घासाला चुना मानवतो. म्हशींची काही तक्रार नाही.